सनदेचे दार
(कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज तुमच्यापुढे ज्या विषयावर मी बोलणार आहे तो वरवर पाहता रुक्ष आहे. वकिलीची सनद कोणास मिळते, ती कोण देतो, तिच्यासाठी कोणती पात्रता लागते आणि किती पैसे भरावे लागतात, हा तो विषय होय. तुमच्यापैकी पुष्कळजण कायद्याच्या महाविद्यालयात शिकत आहेत. काहींचे शेवटचे वर्ष आहे. पदवी हाती पडली की आपला मुलगा वा मुलगी वकील झाली, अशी तुमच्या घरच्या मंडळींची समजूत असेल. ती बरोबर नाही. पदवी विद्यापीठ देते. सनद विद्यापीठ देत नाही. पदवी आणि न्यायालय यांच्यामध्ये एक दार आहे व त्या दाराची किल्ली राज्य बार कौन्सिल या संस्थेच्या हाती आहे. त्या दारावर आपल्याकडून काय मागता येते, काय मागता येत नाही, आणि कोणी अधिक मागितले तर काय करावे, हे ज्याला ठाऊक नाही तो पदवीधर असूनही उंबरठ्यावरच अडतो. म्हणून हा रुक्ष विषय मी मुद्दाम निवडला आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन करतो. कोणी म्हणेल, वकिली हा पोटापाण्याचा व्यवसाय. त्याची सनद कोणास मिळते व कोणास मिळत नाही याचा समाजाच्या हक्कांशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. घटनेच्या २२ व्या कलमाने अटक झालेल्या माणसास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकरवी आपला बचाव करण्याचा हक्क दिला आहे. परंतु ज्या तालुक्यात आपली बाजू निर्भयपणे मांडणारा वकीलच नाही, तेथे ‘पसंतीचा वकील’ या शब्दांना अर्थ तो काय उरणार? महाडचे चवदार तळे आठवा. १९२७ च्या मार्च महिन्यात आपल्या लोकांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण मंडळींनी त्याविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि बाबासाहेबांना प्रतिवादी केले. तो दावा मुंबईच्या हायकोर्टात संपला तो १७ मार्च १९३७ रोजी, आपल्या बाजूने. तळ्याच्या काठावर जो हक्क बजावला गेला, तो कायम करून घेण्यास पुढे दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले. रस्त्यावरचा लढा संपला म्हणजे न्यायालयातला लढा सुरू होतो, आणि तो लढविण्यास सनद लागते.

या सनदेची कथा खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन मुंबईस परत आले. कोलंबिया विद्यापीठाची विद्या त्यांच्यापाशी होती, लंडनची विद्या होती, ग्रेज इनची बॅरिस्टरी होती. नव्हता तो सनद काढण्यापुरता पैसा. तो पैसा त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी पुरविला, तेव्हा त्यांचा वकिलीचा मार्ग मोकळा झाला. पुढे तीनच वर्षांनी, १९२६ साली, ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर जो खटला झाला, त्यात त्यांचा बचाव बाबासाहेबांनी केला व ते सुटले. १९२३ साली तो मित्र भेटला नसता तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. बाबासाहेबांना एक भथेना भेटले. प्रत्येक गरीब पदवीधरास असा मित्र भेटतोच असे नाही. म्हणून दार उघडण्याचे काम मित्राच्या औदार्यावर न सोपविता कायद्यावरच सोपविले पाहिजे.

कायद्याने हे दार पूर्वी कोणाकोणासाठी बंद ठेवले होते, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजी अमदानीत वकिली करणाऱ्यांच्या अनेक पायऱ्या होत्या. बॅरिस्टर, ॲडव्होकेट, ॲटर्नी, वकील, प्लीडर, मुखत्यार अशी ती उतरंड होती. मुंबई व कलकत्ता येथील हायकोर्टांच्या मूळ शाखेत ॲटर्नीने काम आणून दिल्याशिवाय बॅरिस्टरास उभे राहता येत नसे. आणि काम आणून देणारे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टराच्या कचेरीकडे फिरकत नसत. स्त्रियांची गोष्ट तर याहून वाईट. १९१६ साली रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्त्याच्या हायकोर्टाने, आणि १९२१ साली सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटण्याच्या हायकोर्टाने, केवळ त्या स्त्रिया आहेत म्हणून फेटाळला. दोघींच्या विद्येत उणे नव्हते. ही बंदी उठविण्यास १९२३ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी सनद घेतली, त्याच वर्षी या देशातील स्त्रियांना कायद्याने हे दार मोकळे झाले.

स्वातंत्र्यानंतर ही सगळी उतरंड मोडून एकच वर्ग करण्यात आला. तो करणारा कायदा म्हणजे १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट. मूळ शाखेतील ॲटर्नींचा निराळा वर्ग तेवढा काही काळ राहिला. १९७६ च्या दुरुस्तीने तोही गेला. या कायद्याने राज्याराज्यांत बार कौन्सिले स्थापन झाली व त्यांच्यावर बार कौन्सिल ऑफ इंडिया ही मध्यवर्ती संस्था आली. आपल्यासाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल आहे. सनद एका राज्याच्या कौन्सिलकडून घ्यावयाची, परंतु वकिली देशातील कोणत्याही न्यायालयात करता येते. नोंदणी नसता वकिली करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच हे दार ओलांडल्यावाचून दुसरी वाट नाही.

या कायद्याचे २४ वे कलम तुम्ही पाठ करावे अशी माझी विनंती आहे. त्याने मागितलेल्या मुख्य गोष्टी मोजक्या आहेत. अर्जदार भारताचा नागरिक असावा. त्याचे वय २१ वर्षे पूर्ण झालेले असावे. त्याने मान्यताप्राप्त संस्थेतून कायद्याची पदवी घेतलेली असावी. पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा, यापैकी कोणताही. त्याने ठरलेले शुल्क व मुद्रांक शुल्क भरलेले असावे. यात कोठेही जातीचा प्रश्न नाही, धर्माचा नाही, कुळाचा नाही, बापाच्या धंद्याचा नाही. अर्ज नाकारण्याचा विचार असेल तर राज्य कौन्सिलला तो परस्पर नाकारता येत नाही. नकाराची कारणे लिहून प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या अभिप्रायासाठी पाठवावे लागते, आणि त्या अभिप्रायाप्रमाणे निकाल द्यावा लागतो. ‘तुमचे होणार नाही’ असे खिडकीवरून तोंडी सांगण्याचा अधिकार कोणासही नाही, हे लक्षात ठेवा.

त्याच्यापुढचे २४-अ हे कलम तर आपल्या समाजातील प्रत्येकाने वाचावे असे आहे. सनद कोणास देऊ नये, हे त्यात सांगितले आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल ज्यास शिक्षा झाली त्याला देऊ नये, हे तर झालेच. पण त्याच्या बरोबरीने आणखी एक वर्ग त्यात घातलेला आहे : १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याखाली ज्यास शिक्षा झाली, त्यालाही सनद नाही. हा कायदा १९७६ च्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते, हे खरे. तरीही त्यातला अर्थ मोठा आहे. एके काळी शिवाशिवीच्या नावाने माणसाला पाणवठ्यावरून हाकलीत. आज शिवाशिव पाळल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाला न्यायालयाच्या दारातून परत पाठवा, असे संसदेने सांगितले आहे.

आता पैशाच्या गोष्टीकडे वळतो, कारण गरिबाची गाडी अडते ती येथेच. २४ व्या कलमाने नोंदणीचे शुल्क स्पष्ट आकड्यांत सांगितले आहे : राज्य कौन्सिलला ६०० रुपये व बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये, एकूण ७५०. अनुसूचित जाती व जमातीच्या अर्जदाराने दाखला जोडला तर १०० व २५, एकूण १२५ रुपये. हे आकडे १९९३ च्या दुरुस्तीने आले. कायद्यात हे लिहिलेले असताना प्रत्यक्षात काय चालले होते? ओळखपत्राचे पैसे, ग्रंथालयाचे पैसे, कल्याण निधी, प्रशिक्षण, प्रमाणपत्र, अर्जाची छाननी अशा नाना नावांनी राज्याराज्यांतील कौन्सिले रकमा मागत गेली, आणि एकूण बेरीज १५,००० पासून ४२,००० रुपयांपर्यंत जाऊन पोहोचली. प्रत्येक बाब निराळी पाहिली तर किरकोळ. बेरीज पाहिली तर एका हमालाची कित्येक महिन्यांची मिळकत.

माझ्या माहितीतील एका तरुणाची कायद्याची पदवी दोन वर्षे पत्र्याच्या पेटीत पडून होती. बाप बाजारात हमाली करी, आई धुणीभांडी करी. मुलगा परीक्षा पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाला. मग सनदेसाठी किती लागतील याचा हिशेब मांडला, आणि तो दोन वर्षे एका गोदामात कारकुनी करीत राहिला. तो मला म्हणाला, “काका, नापास झालो असतो तर मनाला समजावले असते. पास होऊन बाहेर उभा राहिलो, याचे काय करू?” त्याच्या या प्रश्नाला त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिले. गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला यांनी निकाल दिला की, कायद्याने सांगितलेल्या शुल्काहून अधिक रक्कम नोंदणीच्या वेळी कोणत्याही नावाने घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क असेल तेवढेच त्यावर. याची कारणे नीट समजून घ्या. एक, शुल्क किती असावे हे संसदेने ठरविले आहे. कौन्सिल ही त्या संसदेच्या कायद्याने जन्मलेली संस्था आहे आणि आपल्या जन्मदात्या कायद्याहून ती मोठी होऊ शकत नाही. दोन, व्यवसाय करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. दारावर अवाजवी रक्कम ठेवणे म्हणजे त्या हक्कावर घाला घालणे होय. तीन, ही रक्कम सर्वांना सारखीच मागितली तरी तिचा भार सारखा पडत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मागे ठेवले गेले त्यांच्यावर तो अधिक पडतो, आणि म्हणून त्यात समतेचा भंग आहे. हा तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सारख्या आकड्याच्या आड विषमता लपू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी लेखी मान्य केले.

निकाल पुढील काळासाठी आहे. ज्यांनी आधी जास्त पैसे भरले त्यांना ते परत करण्याचे बंधन कौन्सिलांवर घातलेले नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ‘ऐच्छिक’ या नावाखाली रक्कम घेण्याचा प्रकार झाला, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की, ऐच्छिक म्हणूनही अधिक रक्कम गोळा करता येणार नाही. दाराशी उभा असलेला गरजू माणूस ‘ऐच्छिक’ रकमेस नाही कसा म्हणणार? एकदा मिळालेला निकाल पुन्हा बजावून घ्यावा लागला, यावरून काय तो बोध घ्यावा.

धर्मांतरितांच्या मनात एक शंका असते, तिचे उत्तर देतो. आम्ही बौद्ध झालो. मग १२५ रुपयांची सवलत आम्हास लागू आहे काय? लागू आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने हा हक्क जात नाही. मात्र कायद्याने सक्षम अधिकाऱ्याचा दाखला मागितला आहे. तो वेळीच काढून ठेवावा. पुष्कळ मुले पदवीचा निकाल लागल्यावर दाखल्यासाठी धावाधाव करतात, आणि वंशावळ, शाळेचे दाखले, तहसील कचेरीच्या खेपा यांत वर्ष निघून जाते. कायद्याच्या पहिल्या वर्षातच हे काम उरकून टाका.

वर्ष वाया जाण्याने काय बिघडते, असेही कोणी विचारील. पुष्कळ बिघडते. वकिलीची वर्षे सनदेपासून मोजली जातात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली विशेष सरकारी वकील नेमावयाचा तर तो किमान सात वर्षे वकिली केलेला असावा लागतो. वकिलांतून थेट जिल्हा न्यायाधीश होण्यास सात वर्षे, हायकोर्टाचा न्यायाधीश होण्यास दहा वर्षे लागतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आणि ती वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजावी असे सांगितले. म्हणजे पैशाअभावी सनद दोन वर्षे लांबली की या प्रत्येक जागेपासून तो मुलगा दोन वर्षे मागे पडला. न्यायासनावर आपली माणसे का दिसत नाहीत, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण या दारापाशी सापडेल.

सनद मिळाल्यावर आणखी एक पायरी आहे. २०११ सालापासून अखिल भारतीय बार परीक्षा घेण्यात येते. नोंदणी झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी लागते. तेव्हा वकिली चालू ठेवण्याचे प्रमाणपत्र मिळते. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केला. परीक्षेला माझा विरोध नाही. ज्याच्या हाती अशिलाचे स्वातंत्र्य, जमीन आणि कधी प्राणही सोपविले जातात, त्याला कायदा येतो की नाही हे पाहिलेच पाहिजे. आपल्या गरीब माणसाला अडाणी वकील मिळाला तर सर्वांत अधिक नुकसान त्याचेच होते. परंतु २०२४ साली झालेल्या परीक्षेचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ३,५०० व अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारास २,५०० रुपये होते. ज्याच्याकडून संसद नोंदणीसाठी १२५ रुपये घेते, त्याने त्याच नोंदणीचे फळ मिळण्यासाठी वीस पट रक्कम द्यावी, हे मला विसंगत वाटते. ज्ञानाची परीक्षा घ्यावी. ऐपतीची घेऊ नये.

आता थोडे आपल्या देशाबाहेर पाहू. बाबासाहेब ज्या अमेरिकेत शिकले, तेथे वकिलीचा परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. न्यूयॉर्कचा परवाना घेतलेल्यास कॅलिफोर्नियात आपोआप वकिली करता येत नाही. बहुतेक राज्यांत पदवीनंतर तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण, राज्याची बार परीक्षा आणि चारित्र्याची चौकशी अशा तीन गोष्टी लागतात. अनेक राज्यांत ‘स्टेट बार’ या संस्थेचे सभासदत्व व वार्षिक वर्गणी सक्तीची असते. दारे जितकी अधिक, तितके दारपाल अधिक. या दारपालांनी तेथील काळ्या माणसाला व परदेशातून आलेल्याला कसे वागविले, याच्या तीन कथा सांगतो.

जॉर्ज व्हॅशन हा काळा तरुण ओबर्लिन महाविद्यालयाचा पदवीधर होता. १८४७ साली त्याने पेन्सिल्व्हेनियात पिट्सबर्ग येथे अर्ज केला. तो काळा म्हणून अर्ज फेटाळला गेला. १८४८ च्या जानेवारीत न्यूयॉर्क राज्याने त्यालाच परवाना दिला. काही महिन्यांत त्याची विद्या वाढली नव्हती. दारपाल तेवढा बदलला होता. १८६८ साली त्याने पिट्सबर्गला पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार आला. अखेर २०१० साली पेन्सिल्व्हेनियाने त्याला प्रवेश दिला, त्याच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर.

दुसरी कथा हाँग येन चँग या चिनी गृहस्थाची. तो बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठाचा, १८८६ सालचा कायद्याचा पदवीधर. न्यूयॉर्कने त्याला परवाना दिला. १८९० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो नाकारला. कारण चिनी माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळू नये असा १८८२ चा कायदा होता. त्याच न्यायालयाने २०१५ साली आपली चूक कबूल करून त्याला मरणोत्तर प्रवेश दिला.

तिसरी कथा व्हर्जिल हॉकिन्स याची. १९४९ साली या काळ्या शिक्षकाने फ्लोरिडा विद्यापीठाच्या कायद्याच्या शाखेत अर्ज केला. नऊ वर्षे तो झगडला. १९५६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने आदेश दिला, तरी राज्याने दार उघडले नाही. १९५८ साली, इतर काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा म्हणून, त्याने स्वतःचा अर्ज मागे घेतला. मग दूर बोस्टनला जाऊन त्याने कायद्याची पदवी घेतली, तर त्या महाविद्यालयास मान्यता नाही म्हणून फ्लोरिडाने त्याला परीक्षेस बसू दिले नाही. अखेर १९७६ साली त्याला परवाना मिळाला. पहिल्या अर्जापासून सत्तावीस वर्षे झाली होती. उमेद सरली होती, उतारवय आले होते. दुसऱ्यांना आत जाता यावे म्हणून स्वतः बाहेर उभे राहणाऱ्या या माणसाचे नाव तुम्ही लक्षात ठेवावे असे मला वाटते.

तेथील काळ्या वकिलांनी केवळ दाद मागितली नाही, तर आपली संघटनाही उभारली. अमेरिकन बार असोसिएशन या मोठ्या संस्थेने १९१२ पासून १९४३ पर्यंत काळ्या वकिलांना प्रत्यक्षात दूर ठेवले. तेव्हा त्यांनी १९२५ साली आयोवा राज्यात नॅशनल बार असोसिएशन ही स्वतःची संस्था स्थापिली. ती आजही काम करते.

याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली श्वेअर नावाच्या गृहस्थाच्या खटल्यात एक सूत्र सांगितले, ते आपल्या फार उपयोगाचे आहे. पूर्वी केव्हातरी कम्युनिस्ट पक्षात होता आणि संपाच्या दिवसांत अटक झाली होती, म्हणून न्यू मेक्सिको राज्याने त्याला परीक्षेस बसू दिले नव्हते. न्यायालय म्हणाले, राज्याला वकिलासाठी उच्च दर्जाच्या अटी घालता येतील. पण प्रत्येक अटीचा वकिली करण्याच्या योग्यतेशी सयुक्तिक संबंध असला पाहिजे.

दारावरच्या प्रत्येक अटीस हाच एक प्रश्न विचारा : वकिली नीट करता येण्याशी हिचा संबंध आहे काय? कायद्याची पदवी हवी, संबंध आहे. परीक्षा उत्तीर्ण व्हावी; संबंध आहे. दुसरा धंदा चालू ठेवून वकिली करता येणार नाही, अशी आपल्या राज्याच्या कौन्सिलची अट एका डॉक्टराच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरविली. कारण वकिलीस पूर्ण वेळ लक्ष द्यावे लागते. तेही पटण्यासारखे आहे. उलट, पंचेचाळीस वर्षांनंतर सनदच देऊ नये, असा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रद्द केला. आपल्यापैकी कितीतरी लोक रेल्वेत, टपालात, गिरणीत नोकरी करीत रात्रीच्या वर्गात कायदा शिकले. नोकरी सुटल्यावरच त्यांना वकिली करता आली असती; तो नियम टिकता तर त्यांच्या नशिबी दार बंदच होते. आणि १५,००० रुपयांचा वकिलीच्या योग्यतेशी संबंध काय? काहीही नाही.

चारित्र्याच्या अटीबद्दल एक सूचना. आपले तरुण मोर्चात जातात, त्यांच्यावर खटले होतात. कायद्यातील शब्द ‘शिक्षा झालेला’ असा आहे, ‘आरोप झालेला’ असा नाही. म्हणून घाबरू नका. पण अर्जात खटल्याविषयी प्रश्न असेल तर माहिती लपवू नका. खोटी माहिती देऊन मिळविलेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे.

आता कर्तव्याच्या गोष्टी सांगून हे भाषण संपवितो. जे हे भाषण ऐकत आहेत त्यांना आणि जे ते पुढे छापलेले वाचतील त्यांनाही माझे सांगणे एकच आहे.

पहिली गोष्ट, २४ वे कलम व २०२४ चा निकाल यांची प्रत जवळ ठेवा. कोणी अधिक रक्कम मागितली तर ती कोणत्या कलमाखाली, हे नम्रपणे व लेखी विचारा. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. जो कायदा आपण उद्या दुसऱ्यासाठी मागणार, तो प्रथम स्वतःसाठी मागण्यास लाज वाटता कामा नये.

दुसरी गोष्ट समाजासाठी. नोंदणी आता १२५ रुपयांत होते, पण वकील १२५ रुपयांत उभा राहत नाही. परीक्षेचे शुल्क, काळा कोट, पुस्तके, जिल्ह्याच्या गावी खोलीचे भाडे आणि पहिल्या दोन-तीन वर्षांचे पोट, हे सारे बाकी असते. जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक वस्तीने दर वर्षी एका नव्या वकिलाची ही बाजू सांभाळली, तर दहा वर्षांत त्या वस्तीला दहा वकील मिळतील. नवल भथेना यांनी एकट्याने जे केले, ते आपण सर्वांनी मिळून करणे अशक्य आहे काय?

तिसरी गोष्ट, जे आज वकिलीत स्थिरावले आहेत त्यांच्यासाठी. तुमच्या कचेरीत येणाऱ्या नव्या मुलाला वर्षानुवर्षे फुकट राबवू नका. २०२४ साली बार कौन्सिल ऑफ इंडियानेच कनिष्ठ वकिलांना दरमहा शहरात २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. तितके देता येत नसेल तर जेवढे देता येईल तेवढे द्या, पण द्या. बाहेरच्या दारपालाने मागितलेल्या पैशाबद्दल आपण न्यायालयात जातो, आणि आत आल्यावर आपणच धाकट्यांसाठी दुसरे दार उभे करतो, हे बरे नव्हे.

तो गोदामातला मुलगा आज तालुक्याच्या कोर्टात उभा राहतो. त्याची दोन वर्षे कोणी परत देऊ शकत नाही. परंतु यापुढे पास होऊन बाहेर उभे राहण्याची पाळी आपल्या एकाही मुलावर वा मुलीवर येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे. ते आपण करू.

जय भीम.